मिस्त्री चालतात त्या धुना

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे बटण म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही ती पटकन ओ द्यायची नाही. डाव्या विंगेच्या मागे एक लाकडी खोका होता, त्यात ती बसायची. समोर फिती वाजवायची दोन यंत्रं, मांडीवर संहिता, आणि उजव्या हाताचं बोट कायम बटणावर. दाराची कुरकुर, वीज, घोड्यांच्या टापा, तान्ह्याचं रडणं, सगळं त्या एका बोटातून यायचं. मी राणी व्हायचे, विधवा व्हायचे, एका नाटकात तर चक्क खुनी. टाळ्या मला. पण मी दार ढकललं आणि कुरकुर आलीच नाही, तर कसली राणी आणि कसला राजवाडा.

तिची एक शिस्त होती. प्रत्येक नाटकाच्या फिती दोनच. एक वाजायची, एक जादा. पहिली तुटली तर दुसरी हाताशी हवी म्हणून. तिसरी मात्र कधीच नाही. एका दौऱ्यात कोणीतरी हौसेनं तिसरी करून ठेवली होती, तिच्यावर भलतंच काही होतं, आणि माझ्या सासऱ्याच्या मरणाच्या प्रवेशात, मी गळा काढणार एवढ्यात, कोंबडा आरवला. मेलेला सासरा हसू दाबताना हलला, ते पहिल्या रांगेला दिसलं. तेव्हापासून खोक्यात जास्तीची फीत दिसली की बटण ती तिथल्या तिथे पुसून कोरी करायची. विचारायचीसुद्धा नाही.

तिचा नवरा आमच्या कंपनीचा मिस्त्री. राजवाड्याचे खांब, झोपडीचं छप्पर, तुरुंगाचे गज, सगळं त्यांच्या हातचं. प्रवेश संपला की दिवे जायचे. त्या मिट्ट काळोखात मिस्त्री आणि त्यांची दोन माणसं राजवाडा उचलून न्यायची आणि झोपडी आणून ठेवायची. प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून तेवढ्या वेळात एक धून वाजायची. आमच्या कंपनीच्या संगीतकारानं प्रत्येक प्रवेशबदलासाठी वेगळी केली होती. प्रेक्षकांना ती करमणूक. मिस्त्रींना ती वाट होती. या ठोक्याला खांब उचलायचा, त्या ठोक्याला वळायचं, शेवटच्या ठोक्याला टेकवायचा. हातात बॅटरी नाही, जमिनीवर खूण नाही. मी विंगेत उभी राहून पुढच्या प्रवेशाची वाक्यं आठवत असायचे, आणि माझ्या पदराला वारा घालत ते तीन जोड पाय काळोखातून निघून जायचे. कधी कोणाच्या अंगावर काही पडलं नाही.

कंपनी बंद पडली. आम्ही सगळे पांगलो, म्हातारे झालो. योगायोगानं मी आणि हे दोघं एकाच इमारतीत राहायला आलो. मी वरच्या मजल्यावर, ते माझ्या पायाखाली. सकाळचा चहा मी त्यांच्याकडेच घेते.

मिस्त्रींना कंपवात झाला. आधी एक हात थरथरायला लागला. त्यावर ते म्हणायचे, पॉलिश पेपर मारायला बरा आहे. मग पाय बिघडले. थरथर नाही, उलटंच. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. डोकं सांगायचं चल, धड पुढे जायचं, पाय तिथेच. दारात तर हमखास. जन्मभर दारं बसवलेला माणूस दारात अडकून उभा राहायचा. दोनदा तोंडावर पडले.

इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, ठेक्यावर चालून बघा. कानात टकटक वाजत ठेवायची आणि प्रत्येक टकटकीला पाऊल टाकायचं. काहींना फार उपयोग होतो म्हणे. मिस्त्रींना झाला नाही. "मी काय घड्याळ आहे का," असं म्हणून त्यांनी ते टकटकणारं यंत्र कानातून काढून ठेवलं.

मग एकदा बटण स्वयंपाकघरात जुन्या फिती वाजवून बघत होती. ठेवायच्या कोणत्या, टाकायच्या कोणत्या. राजवाड्याहून झोपडीकडे नेणारी ती धून लागली. बाहेरच्या खोलीत मिस्त्री उठले, त्यांनी खुर्ची उचलली, दारातून सरळ आत आले आणि खुर्ची ओट्याजवळ नेऊन ठेवली. शेवटच्या ठोक्याला. दोघंही त्या खुर्चीकडे बघत राहिले. "तिथे काय काम आहे तिचं," बटण म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "मला काय विचारतेस, प्रवेश बदलला."

त्यानंतर बटणनं त्या सगळ्या धुना कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. फितींना बुरशी आली होती. एकेक फीत जेमतेम एकदा वाजली आणि यंत्रात चुरा होऊन पडली. जे निघालं ते तिनं स्वच्छ केलं, शेवट सुरुवातीला जोडून लांबवलं, आणि मिस्त्रींच्या फोनमध्ये घातलं. कानात ती गाणी ऐकायची बोंडं घालून मिस्त्री पुन्हा चालायला लागले. रोज सकाळी एकटे लाकडाच्या वखारीपर्यंत जायचे, तिथल्या मालकाशी गप्पा मारायचे, लाकडांचा वास घ्यायचे आणि परत यायचे. वाटेत एक मोठा रस्ता लागतो. तो ते धुनेच्या जोरावर ओलांडायचे.

आता त्या सकाळचं सांगते.

मी खाली गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, टॅब आणि दोघांचे फोन मांडलेले होते, आणि बटण चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे बघत होती.

"या राणीसाहेब," मिस्त्री म्हणाले. ते मला अजून तेच म्हणतात. "आमच्याकडे सकाळपासून चार यंत्रांचं भांडण चाललंय. कोणाचं कोणाला पटत नाही."

"तुम्ही बूट घाला," बटण म्हणाली.

"घालतोय. पण नवी धून आल्याशिवाय मी कुठे जाऊ? जुनी मला पळवते."

दुखणं वाढत चाललं होतं. जुन्या वेगाला पाय पुरे पडेनात, म्हणून बटण मधून मधून धुना मंद करायची. अशी नवी मंद केलेली धून तिनं कॉम्प्युटरवर तयार ठेवली होती, आणि ती काही केल्या फोनवर जात नव्हती. फोनवर नाव दिसायचं, पण राखाडी रंगाचं. दाबलं तर गप्प. टॅबवर मात्र एकेक धून दोनदा तीनदा.

"पुन्हा मंद केलीस?" मी हळूच विचारलं.

"थोडीशी." तिनं चष्मा खाली ओढला. "दर वेळी केली की वाटतं, मीच यांना म्हातारं करतेय."

शेवटी तिला घोळ सापडला. मिस्त्रींचा फोन भाच्यानं आणून दिला होता आणि त्याच्याच खात्यावर चालत होता. बाकीचं सगळं बटणच्या खात्यावर. दोन वेगळ्या कंपन्यांचे नट एका रंगमंचावर आणले तर दुसरं काय होणार. तिनं भाच्याचं खातं काढलं, आपलं घातलं, आणि "सगळीकडे सारखं ठेवा" अशी एक खूण होती ती चारही ठिकाणी चालू केली. थोड्या वेळात सगळीकडे एकसारखी यादी उभी राहिली. मंद केलेली धूनसुद्धा. बटणनं कॉम्प्युटर बंद केला. काम झालं की यंत्र बंद, हीही तिची सवय.

मिस्त्रींनी कानात बोंडं घातली, धून लावली, उंबऱ्यापाशी क्षणभर ऐकलं आणि पाऊल टाकलं. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज नेटका खाली गेला. बटण तो संपेपर्यंत मान कलती करून ऐकत होती.

"छान गं," मी म्हणाले. "तू कॉम्प्युटरवाली झालीस."

"कसली वाली. पसारा बघ किती झालाय." तिनं टॅब पुढे ओढला. त्यावर जागा संपल्याची तांबडी सूचना येत होती. "कॉम्प्युटरवर एक, यांच्या फोनवर एक. झाल्या दोन. हा टॅब आणि माझा फोन कशाला भरून ठेवायचे? उगाच कधीतरी भलतंच वाजायचं."

"कोंबडा आरवायचा," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

तिनं टॅबवरच्या सगळ्या धुनांवर खुणा केल्या आणि काढून टाकायचं बटण दाबलं. टॅबनं विचारलं, सगळीकडून काढायचं? तिनं हो म्हटलं. टॅबवर इथे तिथे विखुरलेलं सगळं, असाच तिचा समज झाला, माझाही तोच झाला असता. यादी रिकामी झाली. तांबडी सूचना गेली. बटणनं समाधानानं हात झटकले आणि स्वतःचा फोन पुसायला घेतला.

"हा कोणी पुसला?" ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. तिच्या फोनवर धुनांच्या जागी पांढरी पाटी होती.

"तूच पुसला असशील."

"मी याला हात लावला नाहीये अजून."

ती वर बघेना. फोन बघितला, टॅब बघितला, पुन्हा फोन. मग मी तिच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना पाहिलं. रंगमंचावर आम्ही पांढरी पावडर लावून जे दाखवायचो ते अगदी खोटं असतं. खरं माणूस राखेसारखं होतं, आणि ओठ आधी जातात.

"सगळीकडे सारखं," ती म्हणाली.

"काय?"

"मी सगळीकडे सारखं ठेवा म्हटलं ना. या वेगळ्या फिती नाहीत गं. एकच आहे. ही एकच फीत चार खिडक्यांतून दिसतेय." तिनं टॅब असा खाली ठेवला जसा तो गरम असावा. "त्यांच्या फोनवरचंही गेलं."

मला कळायला एक श्वास लागला. मग मी तिच्या फोनकडे हात नेला. "त्यांना लाव. सांग, आहात तिथे थांबा."

तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "नको. फोन आला की धून थांबते. ते चालताना उचलत नाहीत, मीच शिकवलंय, खिशाकडे हात गेला की पाय अडकतो. आत्ता जी वाजतेय ती बहुतेक शेवटपर्यंत वाजेल. संपली की पुढे काही नाही."

"मग ती संपायच्या आत..."

ती दारातून बाहेर पडली होती. पायात घरातल्या सपाता. मी कडीला लटकलेलं कुलूप दाराला घातलं, किल्ली मुठीत धरली आणि तिच्यामागे निघाले.

मी आयुष्यात पुष्कळ जिने उतरले. राणी म्हणून सावकाश, खुनी म्हणून धावत, आणि खाली नेहमी कोणीतरी गादी टाकलेली असायची. त्या जिन्यावर मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते, आणि पुढे बटणचं पांढरं डोकं वळणावळणावर दिसेनासं होत होतं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: आत्ता कुठपर्यंत पोचले असतील, आणि धून आत्ता कुठे असेल.

गल्लीत लाँड्रीवाला शर्टाची कॉलर दाबत होता.

"मिस्त्री गेले का?"

"गेले की मगाशीच. आज पाय झकास पडत होते. का हो, मावशी, काय झालं?"

बटण थांबली नाही. मी हातानंच काहीतरी सांगितलं. किल्ल्या बनवणारा, सायकलींना हवा भरणारा, शिंपी, सगळ्यांनी मान वर केली. शिंप्यानं विचारलं, "आजी, चोर आहे का?" मी म्हणाले, "नाही, नवरा आहे. हिचा." का म्हणाले कोण जाणे. भीतीनं माणूस असं काहीतरी बोलतं.

धावता धावता बटण धून गुणगुणत होती. ती मिस्त्रींच्या बरोबर मनात मोजत होती, कुठपर्यंत आली असेल म्हणून. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे फुलांच्या कुंड्या विकणाऱ्याचं दुकान आहे. त्या दुकानापाशी तिचं गुणगुणणं थांबलं.

"संपली," ती म्हणाली.

मी आयुष्यात इतका भयंकर शब्द ऐकला नाही, आणि मी मरणाच्या प्रवेशात पुष्कळ शब्द ऐकले आहेत.

पुढे हॉर्न वाजत होते. एक नाही, पुष्कळ, एकमेकांवर चढून. आम्ही कोपरा वळलो.

मिस्त्री पांढऱ्या पट्ट्यांवर, रस्त्याच्या मध्याच्याही पुढे उभे होते. धड पुढे झुकलेलं, टाचा किंचित उचललेल्या, हात अंगाशी. वाऱ्यात वाकलेल्या खांबासारखे. गाड्यांचा सिग्नल सुटला होता आणि त्यांच्या पुढून मागून गाड्या जात होत्या. एका मालट्रकचा आरसा त्यांच्या खांद्याजवळून गेला. ते मान वळवू शकत नव्हते. चेहरा आम्हाला दिसत नव्हता, फक्त मानेमागची कातडी, आणि ती थरथरत होती.

एक मोटारसायकलवाला गाडी लावून त्यांच्याकडे धावला आणि त्यांचा दंड धरून ओढू लागला. चांगलाच माणूस होता. पण ओढलं की धड पुढे येतं आणि पाय राहतात.

"ओढू नका," बटण ओरडली. तिचा आवाज गाड्यांखाली चिरडला गेला.

तेव्हा मी ओरडले. माझा आवाज एके काळी शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला जागं करायचा. त्याचा उरलासुरला सगळा भाग मी त्या रस्त्यावर टाकला. "सोडा त्यांना." मोटारसायकलवाल्यानं हात सोडला. एक बस करकचून थांबली, तिच्यामागे बाकीचे थांबले, आणि बटण त्या पट्ट्यांवरून सपाता फटफटवत त्यांच्यापर्यंत गेली. मी तिच्यामागून.

ती त्यांच्या समोर उभी राहिली. टाळी वाजवून धून म्हणायला लागली. टाळी बरोबर पडत होती, सूर मात्र घाबरून वर चढला होता. मिस्त्रींनी पाऊल उचलायचा प्रयत्न केला. बोटं बुटात हलली, बूट हलला नाही. मीही टाळी धरली, आणि माझी तिच्या मागे पडायला लागली. मागून बसवाल्यानं हॉर्न दाबला आणि आमचा ठेका फुटला.

"बटण," मिस्त्री म्हणाले. आवाज अगदी बारीक आला. "बंद कर ते."

"मग काय करू? अहो, मी काय करू?"

"आडवा पाय घाल."

"काय?"

"तुझा पाय माझ्या पायापुढे आडवा घाल. ओलांडता येईल." त्यांनी ओठ ओले केले. "जन्मभर घातलास, आज विचारतेस काय."

बटणनं आपला सपातीतला पाय त्यांच्या बुटापुढे आडवा ठेवला. मिस्त्री त्या पायाकडे बघत राहिले. ओंडक्याकडे बघावं तसं. मग त्यांचा उजवा बूट उचलला गेला, तिच्या पायावरून पलीकडे गेला आणि टेकला. तिनं दुसरा पाय आडवा घातला. त्यांनी तो ओलांडला. असं तिनं मागे मागे सरकत पाय घालत राहायचं आणि त्यांनी ओलांडत राहायचं. एकदा बूट तिच्या बोटांवर पडला; ती "स्स" करून गप्प बसली. मी बससमोर दोन्ही हात पसरून उभी होते आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघून काचेआड तोंड हलवत होता. काय म्हणत होता ते मला आजही जाणून घ्यायचं नाही.

पलीकडच्या कडेला पोचल्यावर बटणला चालता येईना. तिथून वखार दिसत होती. मालक दारातूनच हे बघून आला आणि त्यानं दोघांना फळ्यांच्या ढिगावर नेऊन बसवलं, पाणी दिलं.

मिस्त्री पाणी सांडत सांडत प्यायले. मग म्हणाले, "मला वाटलं बोंडं बिघडली. हलवून बघायला हात उचलावा म्हटलं, तर तोही येईना."

"मी पुसलं," बटण म्हणाली.

"काय पुसलं?"

तिनं सांगितलं. जादा म्हणून पुसायला गेले आणि सगळंच पुसलं. सांगताना तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, फळीच्या कडेला नख लावून बसली होती. "फितींचा तर चुरा झालाय. आता कुठून आणू? मी तुमचे पाय पुसले."

रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता, आणि मला वाटलं, आता हा माणूस रोज इथे येऊ शकणार नाही. आता खिडकीतली खुर्ची, आणि मग खाट. ती भीती रस्त्यावरच्या भीतीपेक्षा वेगळी होती. रस्त्यावरची धावत येते. ही येऊन शेजारी बसते.

"कॉम्प्युटरवर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तोही त्याच खात्यात. त्यातूनही..." ती थांबली. नख थांबलं. "मी तो बंद केला होता."

"मग?"

"बंद असताना त्याला कसं कळेल?"

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा काहीतरी हललं. "म्हणजे प्रयोग रद्द झाल्याचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तो अजून रंग लावून विंगेत बसलाय."

"पण चालू केला की कळणार," बटण म्हणाली. "चालू झाला, नेट लागलं, की पहिलं काम तो हेच करणार. पुसणार."

वखारीच्या मालकानं आम्हाला आपल्या टेम्पोतून घरी आणलं. भाच्याकडे घराची किल्ली असते, आणि येता जाता तो कॉम्प्युटर लावून काहीबाही बघतो, हे बटणला वाटेतच आठवलं होतं. तिनं त्याला फोन केला, तो लागेना. तिनं पुन्हा केला. घराचं कुलूप जसंच्या तसं दिसलं तेव्हा ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

आत गेल्यावर तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. आधी भिंतीवरच्या नेटच्या डबीची वायर उपटली. मग डबीचा प्लगच काढला. दिवे विझले तरी तिचा विश्वास बसेना. ती डबी तिनं उचलून माझ्या हातात दिली. "ही घेऊन तू जिन्यात उभी राहा."

"अगं, वायरच नाही तिला."

"राहा उभी."

मी उभी राहिले, दारातून आत बघत. तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबायला बोट नेलं. ज्या बोटानं वीज पाडली, घोडे दौडवले, तान्ही रडवली, ते बोट बटणावर टेकेना. थरथरत होतं.

"माझा हात तुझ्याकडे कसा आला?" मिस्त्री म्हणाले, आणि आपला थरथरता हात त्यांनी तिच्या हातावर ठेवला. दोघांनी मिळून दाबलं.

ते यंत्र चालू व्हायला नेहमीच वेळ घेतं. त्या दिवशी मला वाटलं, आतून ते चौकशी करत हिंडतंय, कोणी काही निरोप ठेवलाय का म्हणून. पडदा उजळला. बटणनं धुनांचं घर उघडलं. यादी होती. पण नाव दिसतं आणि धून वाजत नाही, हे आम्ही सकाळीच पाहिलं होतं. तिनं मंद केलेल्या धुनेवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

धून वाजली. मिस्त्री खुर्चीत बसलेले होते. त्यांचे बूट आपोआप जमिनीवर ठेका धरायला लागले.

तिनं आधी "सगळीकडे सारखं ठेवा" ही खूण काढली. मग तिच्याकडे एक जुनं बोटाएवढं यंत्र होतं, नुसतं गाणी वाजवणारं, ज्याला नेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्यात एकेक धून घातली, आणि घातलेली प्रत्येक पूर्ण वाजवून बघितली. मग दुसरीकडे उतरवली, तिसरीकडे, चौथीकडे. एक पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन म्हणाली, "वर तुझ्या कपाटात ठेव. पुसू नकोस." तिची दोन फितींची शिस्त त्या दुपारी मोडली, ती आजपर्यंत मोडलेलीच आहे. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, काय गं मामी, इतके फोन कशाला केलेस. ती म्हणाली, "काही नाही रे, तू बरा आहेस ना?"

मला वाटलं होतं, मिस्त्री आता बाहेर पडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चहाला खाली गेले तर ते बूट घालत होते.

"काही गरज नाही," बटण म्हणत होती. "मी येते बरोबर. नाहीतर आज इथेच फेऱ्या मारा, बोळात."

"बोळात काय लाकूड आहे?"

"रस्त्यावर काल काय झालं ते विसरलात?"

"विसरलो नाही." त्यांनी नाडी ओढली, ती निसटली, त्यांनी पुन्हा ओढली. "रात्रभर तोच रस्ता बघत होतो. म्हणून तर आज जायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी जाणार नाही, मला माहीत आहे. मग तू त्या धुना वाचवल्यास कशाला? कोणाच्या पायांसाठी?"

बटण माझ्याकडे वळली, मी मिस्त्रींना समजावीन या आशेनं. मी नाही समजावलं. दोघांच्याही बाजूनं बोलण्यासारखं होतं.

तिनं ते बोटाएवढं यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं, ओढून पाहिलं. बोंडं त्यांनीच कानात घातली. उंबऱ्यापाशी ते थांबले. रोजच्यापेक्षा जास्त थांबले. मग पाऊल पडलं, आणि जिना.

खिडकी गल्लीकडे उघडते. बटण खिडकीपर्यंत गेली आणि पाठ करून उभी राहिली. हात पदरात गुंडाळलेले, कशालाही लागू नयेत म्हणून.

"तू बघ," ती मला म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही. तू बघ आणि सांग."

मी खिडकीत वाकले.

"बाहेर आले," मी म्हणाले. "सरळ चाललेत. लाँड्रीवाल्यानं हात केला. त्यांनी केला नाही, बरोबर, करायचा नसतो. किल्ल्यावाला ओलांडला. सायकलवाल्यानं मध्ये पंप ठेवलाय... त्याला वळसा घातला. पाय बरोबर पडताहेत गं. शिंपी दारात उभा आहे, बघतोय. कुंड्यांपाशी पोचले."

"आणि?"

"कोपऱ्यावर उभे आहेत. सिग्नलसाठी असेल."

"अडकलेत?"

"माहीत नाही."

तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मिस्त्रींची पाठ कुंड्यांच्या पानांआड अर्धी दिसत होती. मग पाठ हलली. एक खांदा गेला, दुसरा गेला, आणि कोपऱ्यावर नुसती पानं राहिली.

"निघाले," मी म्हणाले. "आता मला दिसत नाहीत."

"मग बोलू नकोस," बटण म्हणाली.

आम्ही तशाच उभ्या राहिलो, हॉर्न ऐकत. रोज वाजतात तेवढेच वाजत होते. की थोडे जास्त, ते आम्हाला दोघींनाही ठरवता येत नव्हतं.